खाडीचे नऊ थर

आमच्या घरात भिंतीवरची चित्रं गुडघ्याच्या उंचीला लावलेली आहेत. नवा माणूस आला की आधी वर बघतो, मग छपराकडे बघतो, आणि शेवटी त्याला खाली बोट दाखवावं लागतं. हा कारभार माझ्या बायकोचा. कोणी विचारलं तर ती सांगायची, "पाणी माणूस वरसून बघता. मान वर करून पाणी कोण बघता? बुडलेलो."

ती प्लायच्या पातळ फळ्या लेझरच्या मशीनवर कापायची, एकावर एक चिकटवायची, आणि त्यातून बंदर, धामापूरचं तळं, देवळामागचा व्हाळ असं काय काय करायची. हे सगळं वयाच्या चौसष्टाव्या वर्षी सुरू केलं. त्याआधी गणपतीला पुठ्ठ्याची मखरं कापायची, तेवढीच काय ती कला. गाव तिला लेझरकाकी म्हणायचं. पाठीमागे चक्रम म्हणायचं. मी तोंडावरच म्हणायचो.

शिमगा आटोपला आणि तिला ताप आला. चार दिवसांत गेली. मी चौथी शिकलेला माणूस, जन्म खाडीत तर, म्हणजे उताऱ्यांची होडी, चालवण्यात गेला, या काठाची माणसं त्या काठाला. गोड बोलायला मला येत नाही, आणि ती गेली म्हणून आता शिकणार नाही. होती तशी सांगतो.

तिचं एक चित्र अर्धं राहिलं. आमची खाडी, तळासकट. नऊ थर कापून ठेवले होते, एकही चिकटवला नव्हता. वाळूच्या बेटांचे सुटे तुकडे बिस्किटाच्या डब्यात. आणि कशाच्याही पाठीवर आकडा नाही. पाठीवर लिहायचं नाही हा तिचा नियम. "पाठीर कित्याक लिवक होयां? देवान डोळे दिलेले आसत मां?"

दिवसकार्य झाल्यावर थोरली मुलगी पुण्याला परत गेली आणि तिथून फोन केला. "बाबा, आयेच्या त्या फळ्यांका हात लावू नकात. मी गणपतीक येतंय तेव्हा पुण्याक नेतंय. फ्रेमवालो चिकटवून दितलो."

"तेका खाडी ठावक आसा?"

"खाडी कित्याक ठावक होयी? मोठां भोक वर, बारीक भोक खाली. कोणय करतलो. तुमच्यान मात्र होवचां नाय. वाकडां चिकटवशात आणि मगे निघूचां नाय."

थरांचं ती बरोबर बोलत होती. डब्यातल्या तुकड्यांचं मात्र फ्रेमवाल्याला काही कळणार नव्हतं. कुठलं बेट कुठल्या काठाला, हे सांगणारा आता गावात मी एकटा. आणि दुसरी एक गोष्ट मी मुलीला सांगू शकत नव्हतो. त्या खाडीत एका जागचं पाणी मी बायकोला खोटं सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. ते खोटं तिने लाकडात कापून ठेवलं असणार, आणि एकदा गोंद लागला की कायमचं तिथेच राहणार. ते दुसऱ्या कोणाच्या हातून चिकटावं हे मला नको होतं. आणि माझ्या हातून चिकटवायला माझा हात धजत नव्हता.

मशीनचं आधी सांगतो. मुलीने ते नावाच्या पाट्या करायला घेतलं होतं. फ्लॅटमध्ये धूर कोंडायला लागला, शेजारी भांडायला आले, म्हणून तिने ते ट्रॅव्हल्सच्या गाडीतून आमच्याकडे पाठवलं. माळ्यावर टाकून ठेवा म्हणाली. मी शिडी लावेपर्यंत हिने खोकं उघडलं होतं.

"ह्यां घर जाळतलां," मी म्हटलं.

"चूल पन्नास वरसां पेटता हा. जळलां घर?"

मुलीकडून फोनवर शिकली. कागदावर पेन्सिलने काढायची, मोबाईलने फोटो काढायची आणि तो मशीनला पाठवायची. पडवीच्या खिडकीत टेबलफॅन उलटा लावला, धूर बाहेर जायला. पहिले दोन महिने जे कापलं ते सगळं करपलं. ती नाक लावून वास घ्यायची आणि भाकरीला म्हणावं तसं म्हणायची, "आच जास्त झाली." मग आच कमी करायची.

मशीन चालू असताना लाईट गेली तर तो किरण मध्येच थांबतो, आणि परत त्याच रेषेवर येत नाही. फळी फुकट. आमच्याकडे लाईटचं काय सांगावं? म्हणून ती रोज सकाळी मशीनपुढे उभी राहून गाऱ्हाणं घालायची. देवळात गाऱ्हाणं घालायचं काम मानकऱ्याचं, पुरुषाचं. बाई गाऱ्हाणं घालते हे मी माझ्याच घरात पाहिलं. आवाज चढवून, हात जोडून, अगदी मानकऱ्यासारखं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो जो काय घाट मी घातलंय, तो तडीक ने. दुपारपर्यंत लाईट जावक देव नको रे म्हाराजा!"

आणि थांबायची. "व्हय म्हाराजा" म्हणायला कोणीतरी लागतो. तो मी. चहाचा कप तोंडाला असला तरी खाली ठेवून म्हणावं लागायचं.

"व्हय म्हाराजा."

"फळी ओली निघा नये, धूर घरात भरा नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"आणि जो कोण घरात बसान माझ्या कामाक हसता, तेची बुद्धी सुधार रे म्हाराजा!"

मी गप्प. ती डोळे मिटून तशीच उभी. बटण दाबायची नाही. शेवटी मीच माझ्याविरुद्ध "व्हय म्हाराजा" म्हणायचो.

एकदा मी हट्टाने नाही म्हटलं. पंधरा मिनिटांत लाईट गेली. दुपारी तिने जेवायला वाढलं आणि ती फुकट गेलेली फळी माझ्या ताटाशेजारी नीट मांडून ठेवली, लोणचं ठेवतात तशी. त्यानंतर मी कधी चुकलो नाही.

मशीनबरोबर डोळ्यांना लावायचा एक नारिंगी चष्मा आला होता. तो ती कांदा चिरताना लावायची. मासे तळताना लावायची. मसुऱ्याच्या जत्रेला निघालो तेव्हा तो पिशवीत दिसला. म्हटलं, "देवीक दाखवतलंस काय?" म्हणाली, "थंय धूळ आसता." पोस्टमन तर एकदा तिला दारात बघून दोन पावलं मागे सरला.

धुराचे डाग पडू नयेत म्हणून फळीला कापायच्या आधी दोन्ही बाजूंनी कागदी टेप लावावी लागते, आणि नंतर ती सोलून काढावी लागते. ते काम ती मागच्या पायरीवर बसून करायची, केसातला आकडा काढून, त्याच्या टोकाने. ज्या ताटात सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायची त्याच ताटात. आमचं मांजर दर वेळी धावत यायचं, वास घ्यायचं आणि तिच्याकडे बघत बसायचं. वाळूच्या थराला ती चहाच्या पाण्याचा रंग द्यायची. खोल पाण्याचा निळा मात्र बाजारातून आणलेला.

चित्र मागायला आलेल्या माणसाला तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "खंय लावतलास?" उत्तर पटलं नाही तर देत नसे. तारकर्लीचा एक रिसॉर्टवाला आला होता.

"काकी, आमका डॉल्फिन होयो. मोठो."

"खंय लावतलास?"

"काउंटरच्या मागे, वर. येणाऱ्यांका लांबसून दिसाक होयो."

"डॉल्फिन दर्यात. माझ्या खाडयेत मी तेका बघूक नाय."

तो हसला. "काकी, खाडी तरी तुमी खंय बघलास? होडयेत बसलास कधी?"

आता हे खरं होतं. तर चालवणाऱ्याची बायको, आणि होडीत पाय ठेवत नसे. माहेर पलीकडच्या काठाला, समोर दिसतं, तरी एसटीने सगळा वळसा घालून जायची. लग्न होऊन आली ती माझ्याच होडीतून आली होती. पुढे कधीतरी बंद केलं. मी म्हणायचो तिला पाणी लागतं, ओकारी येते. तिनेही कधी नाही म्हटलं नाही.

रिसॉर्टवाला गेला आणि त्याच संध्याकाळी ती मोठा कागद घेऊन माझ्यासमोर बसली.

"माका खाडी करूची आसा. आपली."

"मगे जेट्टीवर जा आणि बघ."

"वरचां पाणी सगळ्यांका दिसता. तुमी जल्मभर खंय होतास ता माका बघूचां आसा."

मग सुरू झालं. जेवताना, दात घासताना, मी पेपर घेऊन बसलो की. आम्ही पाणी वावात मोजतो. दोन्ही हात पसरले की एक वाव.

"धक्क्याखाली किती?"

"दीड वाव."

"भरतीक काय सुकतीक?"

"सुकतीक. आता जेवक दी."

"आणि जुव्याच्या टोकाक?" जुवा म्हणजे खाडीच्या मधलं मोठं बेट.

असं तीन-चार महिने. अर्ध्या वावाला एक थर, असा तिचा हिशेब. मी करवादायचो, पण सांगायचो. खरं सांगू तर बरं वाटायचं. तर बंद झाल्यापासून मला पाण्याविषयी कोणी काही विचारलं नव्हतं. पूल झाला, लोक गाडीने जातात. माझ्या डोक्यातली खाडी माझ्याबरोबरच जाणार होती.

मग एक दिवस तिने विचारलं, "डाव्या आंगाक, कांदळाखाली किती?"

"कमरेइतकां," मी म्हटलं.

आठ दिवसांनी परत तेच विचारलं. मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो नारिंगी चष्मा डोळ्यांवर होता.

"परत इचारतंय. कांदळाखाली?"

"कितीदा सांगू? कमरेइतकां! गुरां उतरतत थंय!"

"बरां," म्हणाली आणि आत गेली.

कांदळाखाली गुरं उतरत नाहीत. तिथे कोंड आहे, तीन वाव खोल. चारी बाजूला पाय टेकतील असं पाणी आणि मध्येच विहीर. आमची धाकटी पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. मी एकटा होडी परत आणत होतो. बांबू टेकवला तर तळ नाही. मी बांबूसकट गेलो, आणि होडीची कड भुवईवर बसली. पोहता येतं, पण डोक्यात अंधार झाला की पोहणं कुठलं? किती वेळा खाली गेलो आठवत नाही. वर बघितलं तेव्हा डोक्यावर हिरवं पाणी होतं, एवढं आठवतं. शेवटी कांदळाचं मूळ हाताला लागलं. दुपारपर्यंत धरून होतो. तरीवरचा माझा जोडीदार शोधत आला, त्याने ओढून काढलं.

घरी येऊन सांगितलं, धक्क्याच्या पायरीवर घसरलो. जोडीदाराला शपथ घातली. बायको लहान, पोरगी पाळण्यात. हे कळलं असतं तर तिने मला खाडीत जाऊ दिलं नसतं, आणि मला दुसरं काही येत नव्हतं. तिने भुवईवर हळद भरली, शर्ट धुतला, काही विचारलं नाही. माझं खोटं पचलं. मग इतक्या वर्षांनी खरं कसं सांगणार? कोंड सांगितली असती तर ती विचारणारच, तुमका कशी ठावक. म्हणून कमरेइतकां.

फळ्या मी खाटेखाली सारून ठेवल्या होत्या. ती असती तर तांदळाच्या दोन गोणींच्या मध्ये ठेवल्या असत्या. प्लायला पावसाळी हवा लागली की ती वाकते, हे तिने मला शंभर वेळा सांगितलेलं. श्रावण लागला तेव्हा बाहेर काढल्या, तर नऊच्या नऊ फळ्या पापडासारख्या झालेल्या. मी तिथेच जमिनीवर बसलो. ती गेली तेव्हा मी लोकांसमोर रडलो नव्हतो. त्या दिवशी फळ्यांसमोर रडलो.

मग उठलो. फळ्या पुसल्या, चुलीपासून लांब उभ्या करून सुकवल्या. पाट खाली, पाट वर, मध्ये फळ्या, आणि वर माझ्या होडीचा जुना नांगर आणि जाळ्याचं सगळं शिसं. आठ दिवस ठेवलं. सरळ झाल्या.

टेप अजून तशीच होती. चष्म्याच्या डबीत तिचा केसांचा आकडा सापडला. मागच्या पायरीवर बसून सोलायला लागलो. मांजर आलं, वास घेऊन बसलं. पहिल्या थराची टेप ओढली तसा एक गोल तुकडा मांडीवर पडला, अंगठ्याएवढा. वाटलं मशीनने कुठे चुकून कापलं असेल. दुसऱ्या थरातून तसाच एक पडला, जरा लहान. तिसऱ्यातूनही पडला. म्हटलं मशीनच बिघडलं होतं शेवटी. तुकडे ताटात टाकले.

मग मांडामांड. मोठं भोक वर, लहान भोक खाली, मुलगी म्हणाली तसं. डब्यातली बेटं मी डोळे मिटून लावली. हे लांबट, मधल्या धारेचं. हे वाकडं, जुव्याच्या शेपटीचं. इथे सुकतीला होडी घासायची. बोट फिरवलं की कळत होतं. कुठे अर्ध्या वावाची चूक नाही. मी तोंडात घास असताना वैतागून सांगितलेलं सगळं तिने जसंच्या तसं उतरवलं होतं.

डावं अंग मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. कमरेइतकं पाणी म्हणजे वरच्या थराखाली लगेच भरीव लाकूड पाहिजे. मी बोट घातलं.

लाकूड लागलं नाही.

बोट खाली गेलं. मोजत गेलो. एक, दोन, तीन. सहा थर आरपार, एकाखाली एक, आणि सातव्यावर बोट टेकलं. सहा अर्धे म्हणजे तीन वाव. बरोबर कांदळाखाली. चारी बाजूला उथळ आणि मध्ये विहीर. ताटात टाकलेले ते गोल तुकडे इथलेच होते.

मी बोट बाहेर काढलं नाही.

तो आकडा दोघांनाच माहीत होता. मला आणि जोडीदाराला. जोडीदार मशीन यायच्या कितीतरी आधी वारला. म्हणजे त्याने कधीतरी सांगितलं, पूर्वीच. कदाचित त्याच आठवड्यात. आणि तिने ते पोटात ठेवलं, पोरी मोठ्या झाल्या, लग्नं झाली, तरी ठेवलं. ती होडीत बसायची बंद कधी झाली तेही मला आता आठवलं. धाकटी पाळण्यात होती.

आणि नारळ. दर नारळी पौर्णिमेला ती माझ्या हातात दोन नारळ द्यायची. सगळं गाव एक देतं, आमच्याकडे दोन. एक दर्याला. दुसरा कोणाला म्हटलं तर म्हणायची, "खाडयेक. खंय सोडूचो ता तुमकाच ठावक." मला वाटायचं हिचा आणखी एक चक्रमपणा. मी तो जेट्टीवरून भिरकावायचो. दोन वर्षं तर सोडलासुद्धा नाही, चहाच्या टपरीवाल्याला देऊन टाकला. घरी आलो की विचारायची, "दोनय सोडलास?" मी म्हणायचो, हो.

तीनदा तिने मला विचारलं होतं, कांदळाखाली किती. पाणी तिला माहीत होतं. ती दुसरंच काहीतरी विचारत होती, आणि मी तीनदा गुरं उतरवली.

गोंद लावला. वाकडं झालं नाही. माझ्या जेवायच्या पाटासमोर, गुडघ्याच्या उंचीला खिळा मारला. मुलीला फोन करून सांगितलं, झालं म्हणून. ती म्हणाली, "बाबा, खराय?" आणि लगेच फोटो मागितला.

नारळी पौर्णिमेला वाडीतले लोक म्हणाले, यंदा तुमच्याकडे सण नाही, वर्षाच्या आत करायचं नसतं. मी म्हटलं, सण नाही करत. एक राहिलेलं काम आहे. दोन नारळ घेतले. दर्याचा दर्याला दिला. मग शेजाऱ्याकडे गेलो.

"होडी दी वायच."

"काका, ह्या वयात? खंय चल्लास?"

"कांदळाखाली."

"मी येव? एकटे जाव नकात."

"एकटोच जातलंय. बांबू मोठो दी."

पाणी ओळखीचं होतं. कांदळाजवळ होडी आडवी केली, मूळ हाताने धरलं. बांबू सोडला. तीन वाव. एवढ्या वर्षांत गाळ भरला असेल असं वाटलं होतं. भरला नव्हता. नारळ दोन्ही हातांत घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. जन्मात कधी घातलं नव्हतं. शब्द तिचेच होते.

"बा देवा म्हाराजा! जो नारळ इतकी वरसां देवचो होतो, तो आज देतंय. मी तिका खोटां सांगलंय. तिका सगळां ठावक होतां. जंय आसा थंय तिका बरी ठेव. माझां काय चुकलां माकलां तां पदरात घे रे म्हाराजा!"

आणि थांबलो. सवयीने. कोणीतरी म्हणेल म्हणून.

पाणी होडीला लागत होतं. मग माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात ते म्हणायचं काम माझंच होतं. नारळ सोडला आणि मोठ्याने म्हटलं,

"व्हय म्हाराजा."